आभाराच्या यादीत न आलेले नाव

प्रश्न : मी पुण्यातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परभणी जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि बारावी लातूरला केली. पहिल्या वर्षी एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरमध्ये, नापास झाले आणि एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, दुसऱ्या वर्षात गेले. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांवर ही वेळ येऊ नये, म्हणून आम्ही पाच जणांनी प्रथम वर्षाच्या मुलांसाठी रोज संध्याकाळी सव्वापाच ते साडेसहा असा अभ्यासवर्ग सुरू केला. खोलीसाठी केलेला अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी गणिताच्या मॅडमनी अर्जावर ‘मी रोज उपस्थित राहीन, जबाबदारी माझी’ असे लिहून सही केली. मॅडम कंत्राटी आहेत. तीन वर्षे त्या शेवटच्या बाकावर पेपर तपासत बसून राहिल्या. एकदा आमच्यातल्या एका मुलाने फळ्यावर गणित चुकीचे सोडवले. मॅडमच्या ते लक्षात आले होते, पण त्या वर्गात एक शब्द बोलल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्याला व्हरांड्यात थांबवून त्यांनी चूक दाखवली आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच मुलांपुढे ती दुरुस्त केली. यंदा वार्षिक समारंभात आमच्या उपक्रमाला पारितोषिक मिळाले. भाषणात मी संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख अशा सर्वांचे आभार मानले आणि मॅडमचे नाव राहून गेले. त्या मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आता कळते आहे की त्यांचा करार वाढवलेला नाही आणि ३१ मे हा त्यांचा शेवटचा दिवस आहे. कंत्राटी शिक्षकांना आमच्याकडे निरोप समारंभ नसतो. आम्ही साडीसाठी वर्गणी काढून ४,२०० रुपये जमवले आहेत, पण मॅडम म्हणतात, माझ्यासाठी काही करू नका. मी काय करावे? आमच्या हजेरीच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर त्यांची सही घ्यावी असे वाटते, ते बरे दिसेल का?
– ‘ऋणी’, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक आहे चुकीबद्दलची रुखरुख आणि दुसरी आहे मॅडमविषयीची कृतज्ञता. या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच वेळी, एकाच पत्रात किंवा एकाच भेटीत मांडायला गेलात, तर मॅडमवर विनाकारण एक ओझे पडेल, कारण समोर विद्यार्थिनी डोळ्यांत पाणी आणून माफी मागू लागली की कोणतीही शिक्षिका ‘अगं, राहू दे, त्यात काय एवढे’ असेच म्हणणार, आणि मग त्या भेटीत तुमची समजूत काढण्याचे काम त्यांच्याकडे जाईल. म्हणून माफी आधी मागा, याच आठवड्यात मागा आणि थोडक्यात मागा. एकट्याने जा. ‘मॅडम, समारंभात मी तुमचे नाव घेतले नाही, ती माझी चूक झाली; मी ती दुरुस्त करणार आहे,’ एवढी दोन वाक्ये पुरेत. नाव का राहिले, भाषण कोणी तपासले होते, वेळ किती कमी होता, यातले काहीही सांगू नका. आभार त्यानंतर, वेगळ्या दिवशी.

तरीही नाव कसे राहिले हे तुमच्या तुम्ही समजून घेणे आवश्यक आहे, कारण तो केवळ विसराळूपणा होता असे मला वाटत नाही. आपल्याकडे आभारप्रदर्शनाची एक ठरलेली उतरंड असते. अध्यक्ष, संचालक, प्राचार्य, विभागप्रमुख, मग ‘ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक’. व्यासपीठावर जे बसलेले असतात त्यांची नावे आधी येतात, आणि तोवर मागच्या रांगांत खुर्च्या सरकू लागलेल्या असतात, चहाची किटली मंडपाच्या कडेला आलेली असते आणि सूत्रसंचालक बोलणाऱ्याला आटोपते घेण्याची खूण करत असतो. या यादीत जागा मिळते ती पदाला. काम ज्याने केले त्याचे पद लहान असेल, किंवा तुमच्या मॅडमप्रमाणे त्याला नीटसे पदच नसेल, तर तो यादीत कुठे बसवावा हेच भाषण लिहिणाऱ्याला कळत नाही. तुम्ही प्रचलित साचा उचललात आणि त्या साच्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती. हे तुमच्या चुकीचे समर्थन म्हणून मी सांगत नाही. चूक दुरुस्त करताना पुन्हा त्याच साच्यातले शब्द वापरू नयेत, यासाठी सांगते आहे. ‘मॅडमच्या ऋणातून आम्ही कधीही उतराई होऊ शकणार नाही’ हे वाक्य तुमच्या मनात एव्हाना तयार असेल. ते लिहू नका. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि माझ्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात हे वाक्य किमान सहा जणांनी उच्चारले. त्यांतल्या एकाचाही चेहरा आज मला आठवत नाही.

मग लिहायचे काय? त्यासाठी मॅडमनी नेमके काय केले याचा हिशेब तुम्हाला आधी मांडावा लागेल, आणि मला अशी दाट शंका आहे की त्यातला मोठा भाग तुमच्या अजून पुरता लक्षात आलेला नाही.

त्या सहीपासून सुरुवात करा. तुमचा अर्ज दोनदा परत आला, यामागे केवळ कोणाची आडमुठी वृत्ती होती असे समजू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. रॅगिंगची तक्रार आल्यानंतर संस्थाप्रमुखाने कारवाई केली नाही किंवा हयगय केली, तर त्याने त्या गुन्ह्याला साहाय्य केले असे त्या कायद्यात मानले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९चे विनियमही याबाबत कडक आहेत. त्यामुळे वरच्या वर्गातील मुले आणि प्रथम वर्षाची मुले यांनी कॉलेज सुटल्यानंतर एका बंद खोलीत सव्वा तास एकत्र बसायचे, हे नुसते ऐकले तरी कार्यालयातील कोणाच्याही कपाळावर आठ्या पडतात. तुमचा हेतू स्वच्छ होता हे तुम्हाला ठाऊक होते. ते कागदावरून कोणाला कसे दिसावे? एखाद्या मुलाने, खरी किंवा खोटी, तक्रार केली असती, तर सर्वांत आधी त्या सहीकडे बोट दाखवले गेले असते, आणि ती सही अशा व्यक्तीची होती, जिची नोकरी दर वर्षी नव्याने ठरत होती. कायम सेवेतील प्राध्यापकाला खुलासा मागितला जातो, चौकशी होते, कागद फिरतात. कंत्राटी शिक्षकाच्या बाबतीत यांपैकी कशाचीही गरज पडत नाही, करार वाढवला नाही की झाले. ‘जबाबदारी माझी’ हे दोन शब्द त्यांनी ही सारी जाणीव ठेवून लिहिले असणार, कारण इतकी वर्षे या व्यवस्थेत काढलेल्या माणसाला ती नसते असे होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. तुमचा वर्ग साडेसहाला सुटत होता. मुले बाहेर पडून, दिवे-पंखे बंद होऊन, किल्ली शिपाईमामांच्या हाती जाईपर्यंत पावणेसात वाजत असणार, आणि त्यानंतर त्या बस पकडून घरी जात असणार. या वेळेचा त्यांना एक रुपयाही मिळत नव्हता आणि त्यांच्या कामाच्या नोंदीतही ती धरली जात नव्हती. तीन वर्षांत असे किती दिवस झाले, हे तुमच्या नोंदवहीत आहे. एका संध्याकाळी बसून ते मोजा. अंदाजाने ‘कितीतरी दिवस’ लिहू नका, खरा आकडा काढा आणि तो पत्रात लिहा. कोणीतरी आपले दिवस मोजले, ही भावना काय असते हे शिक्षकाला विचारा.

आता शेवटचा बाक. तुम्ही चुकलेल्या गणिताचा प्रसंग पत्रात ओझरता सांगितला आहे, पण मला विचाराल तर तुमच्या साऱ्या उपक्रमाचे मर्म त्या प्रसंगात आहे. फळ्यावर चूक दिसत असताना गप्प राहणे ही गणिताच्या शिक्षकासाठी किती अवघड गोष्ट आहे, हे मी अनुभवाने सांगू शकते. हात आपोआप खडूकडे जातो. चाळीस मुलांच्या वहीत चुकीचे उत्तर उतरते आहे, ते घेऊन ती खोलीवर जाणार आहेत, आणि आपण बघत बसलो आहोत, हे पाच मिनिटेही सोसवत नाही. पण त्या क्षणी मॅडम उठल्या असत्या, तर त्या दिवसापासून तो वर्ग त्यांचा झाला असता. मुलांनी फळ्यापुढच्या दादाकडे बघणे सोडून मागच्या बाकाकडे बघायला सुरुवात केली असती, आणि त्या मुलाने पुन्हा खडू हातात धरताना दहा वेळा विचार केला असता. त्यांनी चूक एक रात्र राहू दिली, त्याला एकट्याला गाठून दाखवली आणि दुरुस्तीचा मान त्याच्याकडेच ठेवला. प्रथम वर्षाची जी मुले तिथे बसली होती, त्यांना त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट दिसली : चांगले गुण मिळवणारा वरच्या वर्गातला मुलगाही चुकतो, आणि ‘काल मी चुकलो’ असे म्हणून पुढे शिकवू शकतो. नापास होण्याच्या भीतीने आधीच अर्धमेल्या झालेल्या मुलांसाठी ही गोष्ट कोणत्याही सूत्रापेक्षा मोलाची आहे.

मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत नवी नाही. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांकडून अक्षरे गिरवून घेत असत. १७८९ साली मद्रासमधील एग्मोरच्या लष्करी अनाथालयाची जबाबदारी घेतलेल्या अँड्र्यू बेल यांनी स्थानिक शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. आपल्या शाळेतील सहशिक्षक ती रीत उचलेनात, तेव्हा त्यांनी ते काम एका लहान विद्यार्थ्यावर सोपवले आणि ते जमले. पुढे ही पद्धत ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडमध्ये गेली, तिथले शिक्षक जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांत वाढली आणि फिरून १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यातील नव्या शाळांतही आली. मात्र ती जशी पसरली तशी तिच्याकडे स्वस्तातली सोय म्हणून पाहिले जाऊ लागले. एक शिक्षक, शेकडो मुले आणि मधे पाठ म्हणवून घेणारे मॉनिटर, असे तिचे रूप झाले. मुलाने मुलाला समजावून सांगण्याचा जीव त्यातून निघून गेला, आणि ती मागे पडली. हे मी अशासाठी सांगितले की असे उपक्रम दोन्ही बाजूंनी बिघडू शकतात. शिक्षक फार पुढे आला तर तो नेहमीचाच तास होतो, आणि शिक्षक अजिबात नसेल तर काही दिवसांत चूक घोटली जाते, वेळ पाळली जात नाही, थट्टा सुरू होते आणि कधी त्याहून वाईटही घडते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शालेय शिक्षणाच्या संदर्भात विद्यार्थ्यांनी परस्परांना शिकवण्याचा पुरस्कार केला आहे, तोही स्वेच्छेने, आनंदाने आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली, असे स्पष्ट म्हणून. ‘देखरेख’ हा शब्द कागदावर सोपा वाटतो. तुम्हाला मात्र तो प्रत्यक्षात कसा दिसतो हे तीन वर्षे पाहायला मिळाले : मान खाली, हातात लाल पेन, आणि कान फळ्याकडे.

पत्रात हे लिहा. एकच पान लिहा, हाताने लिहा आणि मराठीत लिहा, कारण तुमचा वर्गच त्या भाषेच्या आधारावर उभा राहिला. सुरुवात थेट करा. नमुना म्हणून नव्हे, पण सूर कसा असावा हे कळावे म्हणून दोन-तीन वाक्ये देते : ‘मॅडम, आमचा अर्ज तिसऱ्यांदा नेताना मी तुमच्या टेबलापाशी उभी होते. तुम्ही तो पूर्ण वाचला, पेन उचलले, क्षणभर थांबलात आणि मग सही केलीत. तुम्ही कशासाठी थांबला होतात ते तेव्हा मला कळले नव्हते, आता कळले आहे.’ तुमच्या बाबतीत ते तसे घडले नसेल, तर जसे घडले तसे लिहा. तुमच्या आठवणीतला खराखुरा तपशील हवा, मग तो कितीही लहान असो. त्यानंतर त्या पहिल्या सहीचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते लिहा. तुम्ही पहिल्या वर्षी नापास झाला होतात. एका नापास झालेल्या मुलीला ‘तू इतरांना गणित शिकव’ असे म्हणणारे दुसरे कोणी तोवर तुमच्या आयुष्यात आले होते का? आले नसेल तर तेच लिहा. विशेषणे मात्र टाळा. ‘ममतेचा सागर’, ‘ज्ञानाचा दीपस्तंभ’ असे शब्द कोणत्याही शिक्षिकेला लागू पडतात आणि म्हणून त्यांतून ती एक शिक्षिका दिसत नाही.

या बाबतीत माझ्या डोळ्यांपुढे नेहमी एक उदाहरण असते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा शिक्षक आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षण अडू नये म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकर १९३४ साली गेले. त्यानंतर बावीस वर्षांनी, १९५६ साली, बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तीत हा प्रसंग आहे : कोणती परीक्षा उत्तीर्ण झालो होतो, सत्काराची सभा कशी ठरली, दादा केळुसकरांनी काय दिले, ते वाचून मनात काय उमटले आणि त्यानंतर वडिलांना कोणते प्रश्न विचारले. गौरवाची मोठी वाक्ये तिथे शोधावी लागतात. सांगितले आहे ते घडलेले. एकोणपन्नास वर्षांनंतरही देणाऱ्याचे नाव आणि दिलेली वस्तू जागच्या जागी आहे. तुम्हाला समारंभानंतर काही आठवड्यांचा उशीर झाला आहे आणि तुमच्या मॅडम अजून त्याच इमारतीत आहेत. उशिराची लाज वाटून गप्प बसण्याचे काही कारण नाही.

साडीचा विचार सोडून द्या, आणि हे मी जरा ठामपणेच सांगते आहे. त्या ४,२०० रुपयांत प्रथम वर्षाच्या मुलांचे पैसे आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांना महिन्याच्या अखेरीस मेसचे पैसे जमवताना ओढाताण होते, हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार? वर्गणीत एकाने पन्नास दिले की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय त्यांच्यापैकी काहींचे टर्म वर्क मॅडमच तपासत असतील. गुण देणाऱ्या हातात गुण घेणाऱ्यांनी भेटवस्तू ठेवायची, ती कितीही प्रेमाने ठेवली तरी उद्या कोणी त्याला वेगळे नाव देऊ शकतो, आणि ज्यांनी तीन वर्षे एवढी जोखीम सांभाळली त्यांना जाता जाता या बोलण्याला सामोरे जावे लागू नये. ‘माझ्यासाठी काही करू नका’ असे मॅडम म्हणाल्या, त्यात मला नुसता संकोच दिसत नाही. त्यांनी हे सगळे पाहिलेले आहे. पैसे ज्याचे त्याला परत करा. माझ्या निवृत्तीला मला अकरा शाली मिळाल्या. त्या मी एकेक करून देऊन टाकल्या. एक पोस्टकार्ड मात्र अजून माझ्या कपाटात आहे. त्यात एका माजी विद्यार्थ्याने लिहिले होते, ‘बाई, नववीत मी फळ्यापुढे अडलो तेव्हा तुम्ही मला खाली बसायला सांगितले नाहीत. थांबलात. मला उत्तर आले.’ खाली नाव आणि गावाचे नाव. मला तो प्रसंग आठवतही नव्हता.

आता जाहीर दुरुस्ती. चूक चारचौघांत झाली आहे, त्यामुळे खासगी पत्राने ती पुरती भरून निघणार नाही. तुमच्या महाविद्यालयाचा वार्षिकांक निघत असेलच. त्यात उपक्रमाचा वृत्तान्त तुम्हीच लिहा आणि त्यात मॅडमचे पूर्ण नाव, त्यांचा विषय आणि त्यांनी काय केले ते तीन-चार सरळ वाक्यांत द्या. पारितोषिकासोबत अहवाल सादर केला असेल, तर त्यात सुधारणा करण्याची विनंती लेखी द्या. अशाने विभागप्रमुख नाराज होतील का, अशी धास्ती तुमच्या मनात येणे साहजिक आहे. कोणाचेही नाव काढू नका, फक्त राहिलेले नाव घाला, आणि मजकूर छापायला देण्याआधी विभागप्रमुखांना नेऊन दाखवा. माझा अनुभव असा आहे की बहुतेक माणसे अशा वेळी ‘अरे हो, हे राहिलेच होते’ असे म्हणतात. एखाद्याने कपाळाला आठी घातलीच, तर ती सोसा. तुमच्यासाठी मॅडमनी सोसलेल्या जोखमीच्या मानाने ती काहीच नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्हाला कदाचित सुचली नसेल. मॅडमना आता दुसरीकडे नोकरी शोधायची आहे. मुलाखतीत अनुभव विचारला जातो, त्याचे कागद मागितले जातात, आणि ज्या कामाची कुठेही नोंद नाही ते काम तोंडी सांगून फारसा उपयोग होत नाही. हा उपक्रम त्यांच्या मार्गदर्शनाखाली कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत चालला, किती दिवस वर्ग झाले, किती मुलांनी लाभ घेतला, असे महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी प्रमाणपत्र मिळावे, असा अर्ज तुम्ही पाच जणांनी प्राचार्यांना द्या आणि सोबत नोंदवहीच्या झेरॉक्स जोडा. मात्र अर्ज देण्याआधी मॅडमना विचारा. करार वाढला नाही यामागे काय घडले हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुमच्या अर्जामुळे त्यांना कोणापुढे अवघडल्यासारखे होणार असेल, तर त्यांचा नकार शिरसावंद्य माना. कराराविषयी प्राचार्यांशी हुज्जत घालण्याचा, सह्यांची मोहीम काढण्याचा विचार कोणी मांडला, तरी तोच नियम पाळा : मॅडमनी स्वतः होकार दिल्याखेरीज त्यांच्या नावाने काहीही करायचे नाही. त्यांची पुढची नोकरीही याच शहरात, याच क्षेत्रातल्या ओळखींवर ठरणार आहे, आणि आपल्या संतापाची किंमत त्यांनी मोजावी हे योग्य नाही.

निरोप समारंभ नसतो याचे तुम्हाला वाईट वाटते आहे. मला त्याची फारशी खंत वाटत नाही. हार, शाल-श्रीफळ आणि पाठ केलेली भाषणे यांपेक्षा तुमच्यापाशी चांगली जागा आहे. मेमध्ये परीक्षांची गडबड असेल, तरी एक दिवस ठरवा आणि त्याच खोलीत, सव्वापाच वाजता, नेहमीसारखा वर्ग भरवा. प्रथम वर्षाच्या मुलांना चार-चार ओळी लिहून आणायला सांगा. सक्ती करू नका, ज्यांना लिहावेसे वाटेल ते लिहितील. एकच अट घाला : या वर्गात आपल्याला नेमके काय कळले, ते लिहायचे. अकरावी-बारावीत दोन वर्षे ‘डिटरमिनंट’ घोकणाऱ्या एखाद्या मुलाला इथे येऊन कळले असेल की हा तर दहावीत क्रेमरच्या पद्धतीत शिकलेला निश्चयक. एखाद्या मुलीने व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिल्यांदा ‘सर, मला प्रश्न कळला नाही, पुन्हा विचाराल का’ असे इंग्रजीत धीटपणे म्हटले असेल. असे कागद एका साध्या फाइलमध्ये लावून द्या. त्या दिवशी मॅडमना पुढे बोलावून खुर्चीवर बसवू नका. त्यांना शेवटच्या बाकावरच बसू द्या आणि वर्ग घ्या. साडेसहाला तुमचे पत्र आणि ती फाइल त्यांच्या हातात द्या. ते तुमच्यासमोर वाचण्याचा आग्रह धरू नका.

एक काम मात्र त्याआधी उरकायला हवे. तुम्ही पाच जण यंदा बाहेर पडणार आणि मॅडमही जाणार. जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुले येतील, तेव्हा अर्जावर सही करणारे कोणी नसेल तर ती खोली उघडणार नाही. तुमच्या वर्गात शिकून पुढे गेलेली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले तुमच्या जागी उभी करा, आणि मॅडमनाच विचारा की या कामासाठी कोणत्या प्राध्यापकांकडे जावे. स्टाफरूममध्ये कोण काय आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. नाव कळले की त्यांना भेटा आणि आधीच्या अर्जाची प्रत सोबत न्या, म्हणजे आपण कशावर सही करतो आहोत हे त्यांनाही नीट दिसेल.

नोंदवहीच्या शेवटच्या पानावर मॅडमची सही घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य घ्या, त्यात वावगे काहीच नाही. फक्त तारखेसोबत नेहमीसारखी ‘सव्वापाच ते साडेसहा’ ही वेळही त्यांना लिहू द्या, आणि ती वही पुढच्या वर्षी ज्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाणार आहे, तिला सही घेताना तुमच्या शेजारी उभी करा.